गोड्या पाण्यातल्या माशांचा संग्रह डिजिटल कसा करायचा: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

संग्रहालयाच्या मागच्या खोलीतली एक बरणी हातात घ्या. आत पिवळट द्रवात बोटभर लांबीचे चार मासे, रंग उडालेले, आणि काचेला चिकटलेला कागदाचा एक तुकडा. त्यावर पेन्सिलीने नदी, गाव, तारीख आणि मासा पकडणाऱ्याची आद्याक्षरं. नवीन माणूस आधी माशाकडे बघतो आणि कॅमेरा काढतो. माझं सांगणं एवढंच, की आधी ती चिठ्ठी वाचा. मासा कदाचित पुन्हा मिळेल. १९५८ सालच्या नदीत तो कुठे होता, हे मात्र त्या कागदाशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

हा लेख सह्याद्रीतल्या आणि दख्खनच्या नद्यांमधल्या माशांचे संग्रह डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. असे नमुने पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आहेत आणि मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे आहेत. शिवाय कित्येक जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत. या तिसऱ्या प्रकारच्या संग्रहांकडे सर्वात कमी लक्ष जातं, म्हणून मी मुख्यतः तिथल्या विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी बोलतो आहे.

चिठ्ठीवर एवढा जोर का

ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरचं आपलं काम १८३९ साली प्रसिद्ध केलं. इथल्या लोकांनी सांगितलेली नावंच त्यांनी लॅटिन वेषात घातली: कोलस, खुद्री, सीनघाला, फुलुंगी. मराठी माणसाने जगभरातली मत्स्यशास्त्राची पुस्तकं उघडली तर त्यात आपल्या घाटावरचे शब्द सापडतात, ते यामुळे. पण ज्या माशांवरून ही नावं दिली गेली, त्यांतल्या बहुतेकांचा आज पत्ता नाही. नाव उरलं, नमुना गेला. त्यामुळे साइक्स यांचा अमुक मासा म्हणजे नेमका कोणता, यावर अभ्यासकांना आजही डोकं खपवावं लागतं.

आपल्या बरण्यांच्या बाबतीत उलटं होण्याची भीती आहे. मासा राहील आणि त्याचा पत्ता जाईल. एव्हेझार्डी नावाचा छोटा, मिशाळ, ओढ्याच्या दगडांत राहणारा मासा घ्या. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे दीडशे वर्षं घाटातल्या आणि मध्य भारतातल्या तशा प्रत्येक माशाला तेच नाव लावलं गेलं. गेल्या काही वर्षांत या प्रजातीतल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) अनेक जाती वेगळ्या ओळखल्या गेल्या आहेत. आता ‘एव्हेझार्डी’ लिहिलेली जुनी बरणी समोर आली, तर ती खरंच कोणाची हे ठरवताना पहिला आधार असतो ठिकाणाचा. ठिकाण नसेल तर ती बरणी अभ्यासाला जवळपास निरुपयोगी.

पहिली पायरी: काहीही न उघडता मोजणी

पहिले काही दिवस एकही झाकण उघडू नका. वही घ्या, कपाटाला अक्षर द्या, फळीला आकडा द्या आणि कोणत्या फळीवर किती बरण्या आहेत ते लिहा. द्रव कमी झालेल्या, झाकण तडकलेल्या, मासे उघडे पडलेल्या आणि चिठ्ठीच नसलेल्या बरण्यांवर वेगळी खूण करा. शक्य असेल तर प्रत्येक फळीचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे बरण्यांची हलवाहलव झाली की मूळ जागा या फोटोंवरून कळते. एकाच सहलीत गोळा केलेल्या बरण्या बहुतेकदा शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून जागा हीसुद्धा माहितीच आहे.

याच काळात जुनी नोंदवही शोधा. मी पाहिलेल्या एका ठिकाणी ती भंगार फर्निचरच्या खोलीत, हजेरीपुस्तकांच्या गठ्ठ्यात सापडली. जिथे चिठ्ठी पुसली आहे तिथे नोंदवही बोलते. तिचं प्रत्येक पान स्कॅन करा, कोरी पानंसुद्धा.

दुसरी पायरी: द्रव ओळखा, स्वतःला जपा

साधारण पद्धत अशी असते: मासा आधी दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पक्का करतात, मग धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा ठेवतात. महाविद्यालयांत मात्र मासे वर्षानुवर्षं फॉर्मॅलिनमध्येच राहिलेले दिसतात. स्पिरिट म्हणजे हे अल्कोहोल बाळगायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि ती खटपट टाळली जाते, हे त्यामागचं एक मोठं कारण. बरणीत काय आहे हे अंदाजाने ठरवू नका. झाकण थोडं उघडताच डोळे चुरचुरले तर फॉर्मॅलिन, हे खरं आहे. पण नाक खुपसून वास घेणं ही तपासणीची रीत नव्हे. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. हातमोजे, गॉगल आणि वाफा ओढून घेणारं कपाट यांच्याशिवाय फॉर्मॅलिनची बरणी उघडायची नाही. असं कपाट नसेल तर ते काम थांबवा आणि आधी अल्कोहोलच्या बरण्या घ्या.

अल्कोहोलचा धोका निराळा. सत्तर टक्के अल्कोहोलची वाफ आपल्याकडच्या साध्या तापमानालाही पेट घेऊ शकते. खोलीत बर्नर नको, उघड्या तारा नकोत आणि फोटोसाठी तापणारे हॅलोजनचे दिवे तर मुळीच नकोत. एलईडी वापरा.

द्रव कमी झालेला दिसला की वरून सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल ओतायचा मोह होतो. पण अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जातं. उरलेला द्रव सत्तरऐवजी पन्नास किंवा चाळीस टक्क्यांवर आलेला असू शकतो. हायड्रोमीटरने आधी मोजा, मग किती ताकदीचं घालायचं ते संग्रहपालाला विचारून ठरवा.

तिसरी पायरी: क्रमांक

एका ठिकाणी, एका दिवशी पकडलेले एका जातीचे सगळे मासे मिळून एक लॉट होतो. लॉटला एक क्रमांक द्या, प्रत्येक माशाला वेगळा नको. ज्याचा डीएनएसाठी तुकडा घेतला आहे किंवा ज्याच्यावरून जातीचं वर्णन झालं आहे, असा एखादा मासा तेवढा स्वतंत्र क्रमांकाचा मानकरी. एका बरणीत दोन जाती निघाल्या तर त्यांना दोन क्रमांक द्या आणि दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख करा.

जुने क्रमांक रद्द करू नका. कोणीतरी १९७० साली प्रबंधात तोच जुना क्रमांक छापलेला असतो. नवा क्रमांक नव्या रकान्यात, जुना त्याच्या शेजारी. नव्या क्रमांकाची चिठ्ठी बरणीच्या आत जाते, त्यामुळे कागद चिंधीपासून केलेला जाड आणि आम्लरहित हवा. लेझर प्रिंटरची शाई अल्कोहोलमध्ये काही काळाने कागदावरून सुटून तळाशी काळ्या भुकटीसारखी जमते. पेन्सिल किंवा पक्की काळी कार्बनची शाई वापरा.

चौथी पायरी: चिठ्ठी

टेबलावर एका वेळी एकच बरणी उघडी असावी. मी हा नियम चूक करून शिकलो. घाईच्या दिवसात आम्ही नीरेची आणि कोयनेची अशा दोन बरण्या शेजारी उघडल्या आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच ट्रेमध्ये सुकायला ठेवल्या. दोन्हींत बार्बस या प्रकारचे लहान मासे होते, आकाराने सारखे. कोणती चिठ्ठी कोणाची, हे आम्हाला आजही ठरवता आलेलं नाही. त्या दोन्ही नोंदींत ठिकाणाच्या रकान्यात ‘नीरा किंवा कोयना’ असं लिहिलं आहे आणि ते तसंच राहणार.

चिठ्ठी बाहेर काढताना चिमटा बोथट टोकाचा घ्या. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. बरणी तिरकी करून द्रव त्याच्यावर येऊ द्या, तो आपोआप सुटतो. ओली चिठ्ठी सपाट काचेवर ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. पेन्सिलीचं लिखाण फिकट झालं असेल तर दिवा अगदी खालून, कागदाला जवळपास समांतर धरा. शिसाने कागदावर उमटवलेला खळगा सावलीत वाचता येतो. मला असं एकदा ‘वडगाव’ वाचता आलं. उभ्या उजेडात तिथे नुसता करडा डाग दिसत होता.

मग जे लिहिलं आहे ते तसंच्या तसं टंकित करा. स्पेलिंग सुधारू नका, संक्षेप उलगडू नका, मैलाचे किलोमीटर करू नका. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी ठरलेली खूण करा. अर्थ लावायचं काम पुढच्या रकान्यात आणि वेगळ्या दिवशी.

मूळ चिठ्ठी पुन्हा त्याच बरणीत जाते. ती कितीही फाटकी असो. एका संस्थेत मी सुबक टंकलिखित नव्या चिठ्ठ्या लावलेल्या पाहिल्या आणि जुन्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर त्या टाकून दिल्या होत्या. नव्या चिठ्ठीवर नदीचं नाव चुकलेलं होतं हे माशावरूनच उघड दिसत होतं. खरं काय होतं ते मात्र कळायला मार्ग उरला नव्हता.

पाचवी पायरी: तक्ता

जगभरातली संग्रहालयं रकान्यांच्या नावांसाठी डार्विन कोर हे मानक वापरतात. त्याचे रकाने शेकड्याने आहेत, पण सुरुवातीला पंधरा-वीस पुरतात: क्रमांक, जुना क्रमांक, शास्त्रीय नाव, ओळख कोणी व कधी केली, माशांची संख्या, जतनाचा द्रव, तारीख, गोळा करणारा, चिठ्ठीवरचं मूळ ठिकाण, आजचं ठिकाण, अक्षांश-रेखांश, त्यातली अनिश्चितता, स्थानिक नाव, शेरा. रकान्यांची नावं पहिल्या दिवसापासून मानकाप्रमाणेच ठेवा. दोन हजार नोंदी झाल्यावर ती बदलणं फार त्रासाचं होतं.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: १९५८-११-१२. जुन्या चिठ्ठ्यांवर महिना बऱ्याचदा रोमन आकड्यांत असतो, १२.xi.५८ सारखं लिहिण्याची ती रीत होती आणि तीच सर्वात निर्धोक, कारण दिवस आणि महिना यांची गल्लत होत नाही. याउलट ५/४/६२ दिसलं तर पाच एप्रिल की चार मे हे ठरवू नका. त्याच सहलीतल्या शेजारच्या बरण्या पाहा. तरीही उलगडलं नाही तर फक्त १९६२ लिहा.

एक्सेलमध्ये काम करत असाल तर सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या, नाहीतर क्रमांकातली पुढची शून्यं जातात आणि ३-४ अशा आकड्यांच्या तारखा होतात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या डीटीपीच्या फाँटात टाइप केलेली गावांची नावं दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हं होऊन बसतात. शे-दोनशे नोंदी झाल्या की ओपनरिफाइनमध्ये टाकून पाहा. हे मोफत साधन एकाच नदीची सात स्पेलिंगं तुमच्यासमोर एकत्र आणून ठेवतं.

सहावी पायरी: नकाशावर जागा

मला सर्वात आवडणारं काम हेच, आणि सर्वात जास्त वेळ खाणारंही. सराव म्हणून साइक्स यांच्या खुद्रीचं ठिकाण घ्या: पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर ‘मोटा मोला’ नदी. मोटा मोला म्हणजे मुळा-मुठा. आठ मैल म्हणजे जवळपास तेरा किलोमीटर. पण पुण्याच्या कोणत्या टोकापासून? सरळ रेषेत, रस्त्याने की नदीच्या वळणांनी? सरळ धरलं तर आपण मांजरीच्या आसपास येतो. तिथे नदीत बिंदू ठेवायचा आणि त्याभोवती काही किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ धरायचं, सगळ्या शक्यता आत येतील इतकं मोठं. ती त्रिज्या मीटरमध्ये अनिश्चिततेच्या रकान्यात जाते. नुसता बिंदू देऊन त्रिज्या न देणं म्हणजे वाचणाऱ्याला खोटी खात्री देणं. हा रकाना कधीच रिकामा सोडू नका.

महाराष्ट्रात जिल्ह्यांची नावं आणि हद्दी बदलल्याने फार घोटाळे होतात. ‘दक्षिण सातारा’ म्हणजे आजचा सांगली. ‘कुलाबा’ म्हणजे रायगड. आंबोलीचा मासा १९८१ आधीच्या चिठ्ठीवर रत्नागिरी जिल्ह्यात दिसेल, कारण सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता. त्याहून जुन्या चिठ्ठीवर सावंतवाडी संस्थान. ठाण्यातला काही भाग आज पालघरमध्ये आहे. वडगाव नावाची गावं तर इतकी आहेत, की नदीचं नाव नसेल तर ठिकाण लावूच नका.

आणि काही गावं मूळ जागी राहिलेलीच नाहीत. भीमेवरच्या पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. चिठ्ठीवर धरणाच्या आधीचं वर्ष आणि अशा गावाचं नाव असेल तर आजच्या नकाशावरचं पुनर्वसित गाव धरू नका. जुना स्थलदर्शक नकाशा उघडा, वाहत्या नदीचा काठ शोधा आणि शेऱ्यात लिहा की ही जागा आता जलाशयाखाली आहे. वाहत्या पाण्यातले मासे तिथे का राहिले नाहीत, याचं उत्तर पुढे कोणीतरी याच नोंदीत शोधणार आहे.

सातवी पायरी: शास्त्रीय नाव

इथे नव्याने आलेल्याने हात आवरायचा. चिठ्ठीवर पुंटियस टिक्टो असेल तर तेच मूळ ओळखीच्या रकान्यात लिहा. २०१२ साली पुंटियस या मोठ्या प्रजातीची फोड होऊन पेथिया, डॉकिन्सिया वगैरे वेगळ्या झाल्या, म्हणून आजचं नाव पेथिया टिक्टो. ते शेजारच्या रकान्यात. आजचं वैध नाव पाहायला कॅलिफोर्निया अकादमीचा एश्मायर यांच्या नावाचा माशांचा ऑनलाइन कॅटलॉग सर्वात भरवशाचा. पण नाव बदललं म्हणजे ओळख बरोबर होती असं नाही. ओळख तपासली असेल तर तपासणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहा. तपासली नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा.

आठवी पायरी: माशाचा फोटो

हवेत ठेवलेला ओला मासा चमकतो आणि त्याचे पर अंगाला चिकटतात. म्हणून फोटो द्रवात बुडवून काढतात. पातळ काचेची, उथळ, चौकोनी टाकी घ्या आणि तिच्यात बरणीतल्याच ताकदीचं स्वच्छ, गाळलेलं अल्कोहोल भरा. मासा फॉर्मॅलिनमधला असेल तर तो धुऊन पाण्यात ठेवा. डोकं डावीकडे, डावी बाजू कॅमेऱ्याकडे, ही जगभरची रीत आहे. तिकडची बाजू फाटली असेल तर उजवी घ्या आणि तसं लिहा. मऊ कुंचल्याने पाठीवरचा पर उभा करा, शेपटी उलगडा, खवल्यांत अडकलेले बुडबुडे झटका. दोन मिनिटं थांबा, गाळ बसू द्या. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत दिवे, शेजारी मिलिमीटरची पट्टी आणि रंगपट्टी. गडद माशाला फिकट पार्श्वभूमी, फिकट माशाला काळी.

लहान माशांच्या ओळखीत मिशा, तोंडाचा आकार आणि बाजूरेषेवरचे (अंगाच्या बाजूने डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरचे) खवले महत्त्वाचे असतात, म्हणून डोक्याचा जवळून एक फोटो आणि ओढ्याच्या तळाला चिकटून राहणाऱ्या माशांचा पोटाकडून एक फोटो हवाच. कोल्हापूरच्या पंचगंगेतून कुलकर्णी यांनी १९५२ साली वर्णन केलेला खवलचोर पाहा. तो दुसऱ्या माशांचे खवले खातो, आणि ते काम करणारं तोंड बाजूच्या फोटोत नीट दिसतच नाही. लॉटमधल्या प्रत्येक माशाचा फोटो काढायची गरज नसते. सर्वात चांगला एक आणि सगळ्यांचा मिळून एक, इतकं पुरतं.

फाइलचं नाव क्रमांकावरूनच द्या. कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ रॉ फाइलला हात लावू नका. रंग-उजेडाची दुरुस्ती प्रतीवर करा. दोन हजार लॉट, प्रत्येकी चार फोटो, एक फोटो तीस एमबी धरला तर २४० जीबी होतात, म्हणजे एका साध्या हार्ड डिस्कवर मावतात. पण डिस्क एक असून चालत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला आग लागली आणि बहुतेक सगळं जळालं. अल्कोहोलने भरलेल्या खोलीतच एकुलती एक डिस्क ठेवू नका.

नववी पायरी: जगासमोर ठेवणं

तयार तक्ता जीबीआयएफ या कोपनहेगनहून चालणाऱ्या, जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक जाळ्यावर संस्थेच्या नावाने टाकता येतो. त्यासाठी संस्थेची लेखी संमती आणि एक खुला परवाना ठरवावा लागतो. पण सगळ्या नोंदी पूर्ण अचूकतेने उघड करायच्या नसतात. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा २०२० साली जगाला कळला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. इतक्या लहान जागेत राहणाऱ्या, शोभेच्या टाक्यांसाठी पकडल्या जाऊ शकणाऱ्या माशांच्या इतर ठिकाणांना असं संरक्षण नसतं. अशांचे अक्षांश-रेखांश जाहीर प्रतीत मुद्दाम ढोबळ करा, मूळ आकडे संस्थेत ठेवा आणि ढोबळ केल्याचं नोंदीत स्पष्ट लिहा.

स्थानिक नावाचा रकाना

हा रकाना बहुतेक संग्रहांत रिकामा असतो आणि तो भरायला बरणी उघडावी लागत नाही. निवडक फोटो छापून घ्या आणि ज्या नदीचे मासे आहेत तिथल्या भोई मंडळींकडे जा. रंग उडालेला मासा त्यांना लगेच ओळखू येत नाही, म्हणून त्याच जातीच्या जिवंत माशाचा फोटोही जवळ ठेवा. मी भीमेच्या काठी एका आजोबांसमोर असे फोटो मांडले. मरळ आणि वाम त्यांनी बघताक्षणी बाजूला काढले. कोळस नावाच्या माशाच्या फोटोवर मात्र बोट ठेवून ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ह्यो आमच्या बापाच्या जाळ्यात यायचा. धरण झाल्यापासून मी नाय धरला.”

नाव ऐकू आलं तसं देवनागरीत लिहा, गाव आणि तारीख लिहा, आणि असं एखादं वाक्य मिळालं तर तेही शब्दशः शेऱ्यात घाला. सांगणाऱ्याचं नाव त्यांना विचारूनच.